मोटर सुरू केली की आर्डुइनो रीसेट होतो. बोर्ड खराब आहे की कोड चुकलाय?

तुमच्या प्रश्नावरून मला तुमच्या मोबाईलवर चालणाऱ्या रोबोट गाडीचा सेटअप समजला तो असा: आर्डुइनो उनो (कोड चालवणारा बोर्ड), एल२९८एन ड्रायव्हर (बोर्डाच्या सिग्नलवरून मोटर्सना वीज सोडणारं मॉड्यूल), चार पिवळ्या बीओ मोटर्स (गिअरवाल्या छोट्या डीसी मोटर्स), एचसी-०५ ब्लूटूथ आणि या सगळ्याला मिळून एकच ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. लॅपटॉपची यूएसबी लावलेली असली की गाडी हळूहळू का होईना पण चालते, यूएसबी काढून मोबाईलवरून 'पुढे' दाबलं की मोटर्स नुसत्या गुरगुरतात, बोर्डावरचा लाईट मंद होतो आणि ब्लूटूथ तुटतं. आणि तुम्ही इतके दिवस कोड बदलत बसलाय. आधी ते थांबवा प्लीज, कारण जी गोष्ट कोडमध्ये नाहीच ती तिथे शोधून माणूस थकतो आणि मग रोबोटिक्स आपल्याला जमत नाही असं वाटायला लागतं, मला याचंच जास्त वाईट वाटतं.

बोर्ड चांगला आहे. त्याचा पुरावा तुमच्याच प्रश्नात आहे. यूएसबी लावली की आर्डुइनोला त्याचे ५ व्होल्ट लॅपटॉपकडून मिळतात, बॅटरी कितीही खाली गेली तरी त्याला फरक पडत नाही, म्हणून तो रीसेट होत नाही. तोच बोर्ड, तोच कोड. बदललं काय, तर फक्त वीज कुठून येते ते.

आता बॅटरीचं बघू. ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी उघडलीत तर आत दीड व्होल्टचे सहा अगदी छोटे सेल सिरीजमध्ये असतात, आणि इतक्या छोट्या सेलचा आतला रेझिस्टन्स खूप जास्त असतो. मल्टीमीटर लावला तर ९ व्होल्ट छान दिसतात कारण मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. खरा प्रश्न लोड लावल्यावर किती उरतात हा आहे. गावाकडे विहिरीवरचा पंप चालू केला की घरातला बल्ब मिणमिणतो ना, तुमच्या गाडीत अगदी तेच होतंय.

आणि मोटर सुरुवातीला किती ओढते याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. वेबसाइटवर लिहिलेलं असतं १५० मिलीअँप किंवा २०० मिलीअँप, पण तो चाक हवेत मोकळं फिरत असतानाचा करंट. मोटर फिरत असताना ती स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात, आणि त्यामुळे करंट आटोक्यात राहतो. पण मोटर थांबलेली असते तेव्हा बॅक ईएमएफ शून्य, म्हणजे करंटला अडवायला फक्त तांब्याच्या विंडिंगचा रेझिस्टन्स. तो तुम्ही घरी मोजू शकता: मोटर सर्किटमधून सोडवा, मीटर ओहमवर ठेवा, चाक हाताने जरा जरा फिरवत तीनचार वेळा मोजा आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा घ्या, कारण ब्रश नीट टेकलेला नसला की रीडिंग उगाच जास्त येतं. समजा ५ ओहम आले. तर ६ व्होल्टवर सुरुवातीचा करंट ६ भागिले ५, म्हणजे १.२ अँप. एका मोटरचा. चार मोटर्स एकदम सुरू केल्या तर जवळजवळ ५ अँप, भले थोड्या वेळासाठी असेल. तुमची बॅटरी यातला १ अँपसुद्धा नीट देऊ शकत नाही.

अजून एक गोष्ट जी फार कमी लोक सांगतात. गाडी पुढे पळत असताना तुम्ही एकदम 'मागे' दाबलं तर तो बॅक ईएमएफ आता विरोध करायच्या ऐवजी बॅटरीच्या बाजूने मिळून जातो आणि करंट थांबलेल्या मोटरच्या करंटच्या जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून अनेकांची गाडी सरळ चालते आणि वळताना किंवा रिव्हर्स घेतानाच रीसेट मारते, आणि मग ते 'मागे'वाल्या फंक्शनमध्ये बग शोधत बसतात.

एल२९८एनच्या मॉड्यूलवर ५ व्होल्ट काढणारा जो रेग्युलेटर असतो (७८एम०५) त्याला नीट ५ व्होल्ट द्यायला आत साधारण ७ व्होल्ट लागतात. बॅटरी ७ च्या खाली गेली की ते ५ व्होल्टही खाली यायला लागतात. उनोवरची एटीमेगा३२८पी चिप १६ मेगाहर्ट्झवर भरवशाने चालायला साधारण ३.८ व्होल्ट तरी लागतात, पण उनोमध्ये ब्राउनआउट रीसेट (व्होल्टेज खाली गेला की चिपने स्वतःच रीसेट होणं) सेट केलेला असतो २.७ व्होल्टवर. म्हणजे या दोन आकड्यांच्या मध्ये चिप धड चालत नाही आणि धड रीसेटही होत नाही. कधी रीसेट, कधी हँग, कधी एक मोटर चालूच राहते असा भुताटकीसारखा प्रकार दिसतो तो या पट्ट्यातला असतो.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका, स्वतः तपासा, पैसे खर्च करायच्या आधी. गाडी एका डब्यावर ठेवा म्हणजे चाकं हवेत राहतील. हवेत चालते आणि जमिनीवर रीसेट होते असं असेल तर करंटचाच मामला आहे. मग सेटअप फंक्शनमध्ये बोर्डावरचा १३ नंबरचा एलईडी पटापट पाच वेळा लुकलुकेल असं टाका, म्हणजे गाडी चालता चालता तो लुकलुकला की समजायचं रीसेट झाला, नाही लुकलुकला आणि तरी गाडी ऐकत नाही म्हणजे हँग झालाय किंवा ब्लूटूथचा प्रॉब्लेम आहे. सिरीयल मॉनिटर उघडल्यावरही उनो एकदा रीसेट होतो, ते नॉर्मल आहे, त्याला यात धरू नका. एचसी-०५ वरचा लाईट पण बघत राहा. मोबाईल जोडलेला असताना तो थांबून थांबून दोनदा लुकलुकतो आणि कनेक्शन तुटलं की भराभर लुकलुकायला लागतो. नुसता आर्डुइनो रीसेट झाला तर ब्लूटूथ तुटायचं कारण नाही, चिप रीसेट झाली तरी त्याची वीज बंद होत नाही, त्यामुळे दोन्ही एकदम गेले म्हणजे ५ व्होल्टची लाईनच बसली. तुमच्याकडे हेच होतंय.

सगळ्यात खात्रीची टेस्ट म्हणजे आर्डुइनोला मोबाईलच्या पॉवर बँकवर चालवायचं आणि मोटर्सना बॅटरीवर. ड्रायव्हरकडून आर्डुइनोच्या ५ व्होल्टला येणारी वायर काढून टाका, पण ग्राउंडची वायर मात्र जोडलेलीच ठेवा, कारण दोघांचं ग्राउंड एक नसेल तर ड्रायव्हरला सिग्नल कळणारच नाही. (काही पॉवर बँक इतक्या कमी करंटवर आपोआप बंद होतात, तसं झालं तर जुना मोबाईल चार्जर वापरा, गाडी डब्यावरच आहे.) असं केल्यावर रीसेट बंद झाला तर विषय संपला, बॅटरी आणि वायरिंग बदला, कोड जसा आहे तसा ठेवा.

मीटर ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये लावून बघितलं आणि तो ४.९ दाखवतोय म्हणून निश्चिंत होऊ नका. साधा मल्टीमीटर सेकंदाला दोनतीन वेळाच आकडा बदलतो, काही मिलीसेकंदांचा खड्डा त्याला दिसतच नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोप असेल तर सरांना विचारून त्यावर एकदा बघाच, तो खड्डा एकदा डोळ्याने बघितला की माणूस पुन्हा ही बॅटरी मोटरला लावत नाही.

पण मीटर एका कामाला फार उपयोगी आहे आणि ते काम शिकवतच नाहीत कोणी. वायरमध्ये किती व्होल्ट वाया जातात ते मोजणं. डीसी व्होल्टवर ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा ड्रायव्हरच्या ग्राउंडच्या स्क्रूला. दोन्ही एकाच वायरची टोकं आहेत, मोटर बंद असताना शून्यच येणार. आता यूएसबी लावून मोटर्स फुल स्पीडला चालू करा आणि मित्राला चाकं हाताने दोन सेकंद धरायला सांगा, जास्त नको, मोटर आणि ड्रायव्हर दोन्ही तापतात. त्या दोन सेकंदात ०.०५ व्होल्ट आले तर वायर ठीक आहे. अर्धा व्होल्ट आला तर ती वायर किंवा तिचा जोड खातोय. मग असंच प्लसच्या वायरला, स्विचच्या दोन पायांवर, बॅटरी होल्डरच्या स्प्रिंगवर. ब्रेडबोर्डच्या जंपर वायर सिग्नलसाठी असतात, मोटरचा करंट त्यातून न्यायचा नाही, आणि ब्रेडबोर्डच्या पट्टीतून तर अजिबात नाही. त्या स्वस्तातल्या होल्डरची बारीक स्प्रिंग आणि छोटा स्लाइड स्विच हे पण मोठे गुन्हेगार आहेत. मला विचाराल तर रोबोट दुरुस्तीत ही एक टेस्ट जितकी कामाची आहे तितकं दुसरं काही नाही, कारण ती अंदाज सांगत नाही, जागा दाखवते.

आता काय घ्यायचं. दोन १८६५० लिथियम सेल सिरीजमध्ये, म्हणजे ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना ८.४. चांगले सेल हा करंट आरामात देतात. पण बाजारात ९८०० मिलीअँप-अवर वगैरे छापलेले सेल मिळतात ते घेऊ नका, या साइजच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची कपॅसिटी साधारण ३५०० पर्यंतच असते, त्यामुळे एवढा आकडा छापणारा सरळ खोटं बोलतोय. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, तिथे दुकानदाराला करंट किती लागणार ते सांगून मागा.

एल२९८एन बदलायची घाई नको, पण तो काय करतो ते माहीत असू दे. ती जुनी बायपोलर ट्रान्झिस्टरवाली चिप आहे, तिच्यात १ अँपला साधारण २ व्होल्ट किंवा त्याहून जास्त आतच जळतात आणि ते उष्णता होऊन जातात, हीटसिंक गरम होते ती त्यामुळे. म्हणजे ७.४ व्होल्ट दिले तर मोटरला साडेपाचच्या आसपास मिळतात, बीओ मोटरला ते पुरतात. टीबी६६१२एफएनजी हा मॉसफेटवाला ड्रायव्हर खूप कमी वाया घालवतो पण त्याची मर्यादा एका चॅनेलला १.२ अँप आहे, दोनच मोटर्स असत्या तर मी तोच घ्या म्हटलं असतं. (घेतलात तर त्याची स्टँडबाय पिन हाय करायला विसरू नका, मोटर अजिबात हलत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत बऱ्याचदा तेच निघतं.)

आर्डुइनोसाठी एक छोटा एलएम२५९६चा बक कन्व्हर्टर (जास्त व्होल्ट कमी करून देणारं मॉड्यूल) घ्या, बॅटरीवरून थेट त्याला आणि त्याच्यातून आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनला. जोडायच्या आधी मीटर लावून त्याचा स्क्रू फिरवत ५ व्होल्ट सेट करा, हे आधी, कारण नवीन मॉड्यूल कितीवर सेट करून आलंय याचा भरवसा नसतो आणि त्या पिनवर जास्त व्होल्ट गेले की बोर्ड खरंच जाईल. ग्राउंडच्या दोन वेगळ्या वायर बॅटरीच्या मायनसपासून काढा, एक जाड ड्रायव्हरला, एक बारीक कन्व्हर्टरला. मोटरचा करंट आर्डुइनोच्या ग्राउंडमधून परत यायला नको.

कोणीतरी तुम्हाला 'मोठा कपॅसिटर लाव, होऊन जाईल' असं सांगेलच. गणित करून बघा. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने ३ अँप १० मिलीसेकंद द्यायचे ठरवले तर त्याचा व्होल्टेज ३० व्होल्टने पडायला हवा, तेवढे त्याच्याकडे नसतातच. म्हणजे मोटर सुरू करायचा भार तो उचलू शकत नाही. तोच कपॅसिटर आर्डुइनोच्या बाजूला लावला, जिथे फक्त ०.१ अँप लागतो, तर तेवढ्याच वेळात १ व्होल्टच पडतो. म्हणून बॅटरीकडून बक कन्व्हर्टरकडे जाताना मध्ये १एन५८१९ हा शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका आणि डायोडच्या पुढे, कन्व्हर्टरच्या इनपुटवर, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर. बॅटरी क्षणभर बसली तरी डायोडमुळे कपॅसिटरमधली वीज मोटर्सकडे पळून जात नाही. कपॅसिटरची प्लस-मायनस बाजू बघून लावा.

एवढं झाल्यावर मग कोड उघडा. मोटरच्या स्पीडला एकदम २५५ (म्हणजे फुल स्पीड) देऊ नका, शून्यापासून १०-१० ने वाढवत दर १० मिलीसेकंदांनी पुढे जा, पाव सेकंदात फुल स्पीड येतो आणि हाताला फरक जाणवतही नाही. पुढून मागे जाताना आधी शून्य, मग २०० मिलीसेकंद थांबा, मग उलट दिशा. स्पीड बदलतच नसेल तर ड्रायव्हरवरचे इनेबलचे दोन जंपर काढून त्या पिन आर्डुइनोच्या पीडब्ल्यूएमच्या (वीज भराभर चालू-बंद करून स्पीड कमी-जास्त करणाऱ्या) पिनना जोडल्यात का ते बघा. आणि पुढे कधी सर्वो मोटर लावलीत तर लक्षात ठेवा, सर्वोची लायब्ररी उनोवर ९ आणि १० नंबरच्या पिनचं पीडब्ल्यूएम बंद करते, तेव्हा इनेबल ५ आणि ६ वर घ्या.

वेगळ्या सप्लायवरही मध्येच हँग होत असेल तर ते बहुतेक ब्रशच्या ठिणग्यांचं आहे. प्रत्येक मोटरच्या दोन टर्मिनलवर १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर थेट मोटरवरच सोल्डर करा, ड्रायव्हरच्या टोकाला नाही, आणि मोटरच्या दोन वायर एकमेकींना पीळ देऊन न्या, ब्लूटूथच्या वायरपासून लांब.

सेल चार्ज करताना एकच सांगतो. टीपी४०५६चं छोटं मॉड्यूल एका सेलसाठी असतं, ते सिरीजमधल्या जोडीला लावायचं नाही. एकतर सेल होल्डरमधून काढून वेगवेगळे चार्ज करा, नाहीतर दोन सेलचा बीएमएस (सेलना सांभाळणारं छोटं सर्किट) आणि ८.४ व्होल्टचा लिथियमचाच चार्जर घ्या, आणि बॅटरीच्या प्लसला लागूनच ५ अँपचा फ्यूज टाका, हे सेल शॉर्ट झाले तर वायर लाल होऊन पेटते.