दोन फ्लॅटवाल्या काकाकडून

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात तू विचारलंस, "काका, गंगापूर रोडला दोन फ्लॅट, निफाडला द्राक्षबाग, वर सरकारी पेन्शन. सातपूरला तीस वर्षं मशीनवर उभे राहिलेल्या बाबांना तीन हजार. हे बरोबर आहे?" मी "बघू" म्हणून दार लावलं. झोप काही लागली नाही.

सुखवस्तू म्हाताऱ्यांची पेन्शन बंद करा म्हणतेस. पोरी, म्हातारपणाला उत्पन्नाचा दाखला मागू नकोस. पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, हे 1982 मध्ये डी. एस. नकारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मला ते कळलं माझ्या टेबलावर, तेही उशिरा.

गरीब म्हाताऱ्यांना सरकार दरमहा पैसे देतं, त्या श्रावणबाळ योजनेचे अर्ज माझ्याकडे यायचे. वय 65, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत. हरसूलकडची एक आजी आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखला, घडीवर विरलेला. आकडा 24,000. त्यात मुलाची कमाई धरलेली, आणि मुलगा तिला विचारत नव्हता. मी लाल शाईने 'अपात्र' लिहिलं. महिन्याच्या 600 रुपयांसाठी! "बरं दादा," म्हणाली आणि तो कागद पुन्हा नीट घडी घालून पिशवीत ठेवला. नियमात बसत नव्हतं, मी तरी काय करणार होतो? पुढे रक्कम 1,500 झाली, मर्यादा मात्र 21,000च राहिली.

तू अट घाल, पहिला मी सुटेन. बाग भावाच्या नावावर, फ्लॅट बायकोच्या. (एक आधीच आहे, हसू नकोस.) अडकेल ती आजीच. माझ्याकडून घ्यायचंय? आयकरातून घे, भरतोच मी. पण दाखला मागू नकोस.

आणि एवढी चिडतेस, तर ईपीएस-95 ची, म्हणजे बाबांसारख्या पीएफवाल्या कामगारांची, किमान पेन्शन 2014 पासून 1,000 वर अडकलीय, त्यावर का नाही बोलत? माझे तीस-बत्तीस हजार काढून घेतल्याने बाबांच्या तीन हजारांत एक रुपया तरी वाढेल का? मीही नोकरी केलीय, फुकट नाही घेत.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जातो, तेव्हा बँकेत मला कोणी उत्पन्न विचारत नाही. जिवंत आहे ना, तेवढंच बघतात.

रविवारी बाबांना घेऊन ये, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) आणि पासबुकासकट. त्यांचा हिशोब पगाराच्या 6,500 च्या मर्यादेवर धरलाय की 15,000 च्या, ते आधी बघू.

तुझा काका