यमक: मराठीतलं आणि हिंदीतलं

इंदूरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. हिंदीच्या पेपरात चौपाईच्या (चार चरणांच्या हिंदी छंदाच्या) चरणांच्या शेवटचे जुळणारे शब्द तिने ‘यमक’ म्हणून दाखवले, तर उत्तर चूक ठरलं. घरी मात्र सगळे त्यालाच यमक म्हणतात. मग खरं काय?

दोन्ही खरं. चरणांच्या शेवटी अक्षरं जुळली की मराठीत ते यमक. हिंदीत ती तुक. अलंकार म्हणून लिहायचं तर अंत्यानुप्रास. हिंदीतलं यमक म्हणजे तोच शब्द किंवा अक्षरसमूह पुन्हा येणं आणि त्याचा अर्थ बदलणं. हिंदी कवी बिहारींच्या दोह्यात ‘कनक कनक’ येतं: एक सोनं, एक धोत्रा.

‘यम’ म्हणजे जुळं. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक एवढे चारच अलंकार आहेत, आणि यमकाच्या दहा प्रकारांपैकी पादान्त, म्हणजे चरणाच्या शेवटी येणारं, हा एक. पुढे साहित्यदर्पण या काव्यशास्त्राच्या संस्कृत ग्रंथात व्याख्या येते ती अशी: स्वरव्यंजनांचा समूह त्याच क्रमाने पुन्हा यावा, दोन्हींना अर्थ असेल तर तो निराळा असावा. हिंदीत भर राहिला तो निराळ्या अर्थावर, मराठीत चरणाच्या शेवटावर.

मराठी यमकाला किमान शेवटचं अक्षर स्वरासकट जुळावं लागतं. ‘राणी–नदी’ यांत फक्त ई सारखी आहे, ते यमक नव्हे. आधीचा स्वरही जुळला की कान तृप्त होतो. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी पाहा: ‘आद्या–वेदप्रतिपाद्या’ पक्कं, ‘स्वसंवेद्या’ किंचित सैल, कारण ‘द्या’च्या आधी आ नसून ए आहे. चौथा चरण ‘आत्मरूपा’ मोकळाच. ओवीची रीतच ती. मोरोपंतांच्या केकावलीत ‘घडो, पडो, झडो, नावडो’ अशी चारही टोकं नेमकी बसतात.

हिंदीच्या उत्तरात गफलत बहुधा श्लेषाशी होते. शब्द एकदाच आला आणि अर्थ दोन निघाले तर श्लेष. शब्द दोनदा येऊन अर्थ दोन झाले तर यमक. दोनदा येऊनही अर्थ तोच राहिला, तर यमक लिहूच नका.

हिंदीतल्या ‘अतुकांत’ला, म्हणजे तुक नसलेल्या कवितेला, मराठीत ‘निर्यमक’ म्हणा, ‘मुक्तछंद’ नव्हे; निर्यमक रचना वृत्तात चोख असू शकते. बडोद्याच्या मराठी मुलांना असाच पेच गुजरातीशी पडतो. तिथे आपल्या यमकाला ‘प्रास’ म्हणतात.