देवगिरीच्या यादवांचे वंशज? राजापासून खाली येऊ नका, स्वतःपासून वर चढा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आडनाव जाधव, मूळ गाव मराठवाड्यातलं. आजोबा सांगायचे की देवगिरी पडली तेव्हा एका दाईने रामदेवरायाच्या घरातलं तान्हं मूल कणगीत लपवलं, रातोरात बाहेर काढलं आणि त्या मुलापासून आपलं घराणं चालू झालं. आता आजोबा नाहीत आणि यातलं खरं किती ते तुम्हाला कागदावर बघायचंय. गेली बरीच वर्षं मी लोकांच्या घरातली मोडी बाडं वाचून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मनाला लागेल ते सांगून टाकतो. रामदेवरायापासून तुमच्यापर्यंत कागदाच्या आधाराने येता येणार नाही. रामदेवराय १३११ च्या सुमारास गेला, आणि त्याचा जावई हरपाळदेव १३१८ मध्ये मारला गेला तिथे यादवांचं राज्य संपलं. त्यानंतर जाधवांचं मोठं नाव येतं ते सिंदखेडच्या लखुजीरावांचं, जिजाऊंच्या वडिलांचं. तेही घराणं स्वतःला यादवांचं म्हणवतं. १६२९ मध्ये लखुजीरावांचा खून झाला तो निजामशहाच्या दरबारात, दौलताबादला, म्हणजे त्याच देवगिरीवर. ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. पण हरपाळदेव आणि सिंदखेडकर यांच्या मध्ये अडीचशे वर्षांची पोकळी आहे, आणि बापाचं नाव, मुलाचं नाव अशी साखळी तिथे लागत नाही. ‘यादव’चं ‘जाधव’ होणं भाषेच्या अंगाने अगदी सरळ आहे, पण त्यावरून आडनाव जुळतं, घर जुळत नाही. जाधव आडनाव किती वेगवेगळ्या समाजांत आहे ते तुम्हालाही माहीत असेलच.

आणि यादवांचं स्वतःचं काय? ते स्वतःला ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, म्हणजे थेट कृष्णाच्या द्वारकेचे. त्यांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या ग्रंथात त्यांची वंशावळ चंद्रापासून दिली आहे. कागदोपत्री मात्र ते नाशिक-सिन्नर भागातले, राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून वर आलेले. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी भोसल्यांचं कुळ उदेपूरच्या सिसोदियांशी जोडून मांडलं गेलं. तंजावरच्या भोसल्यांनी १८०३ मध्ये आपल्या वंशाचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून ठेवला. ज्यांच्या हाती राज्य होतं त्यांनाही आपल्या मागे आणखी एक राज्य हवं वाटलं. तेव्हा तुमच्या आजोबांनी काही वेगळं केलं असं मला वाटत नाही.

म्हणून ‘गोष्ट खरी का’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. ‘ही गोष्ट आमच्या घरात कधीपासून सांगितली जाते’ हे आधी शोधा. याचं उत्तर बऱ्याचदा मिळतं. दाई, कणगी आणि तान्हं मूल मी निदान आठ-दहा घरांत ऐकलंय. किल्ले वेगळे, आडनावं वेगळी, कणगी तीच.

आमचंच सांगतो. आम्ही मोरे. घरात पक्कं होतं की आपण जावळीच्या चंद्ररावांचे. १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली तेव्हा एक गरोदर सून घाट उतरून पळाली, वगैरे. आजी हे सांगताना आवाज खाली आणायची, जणू अजून कोणी मागावर आहे. पुढे माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत लाल फडक्यात बांधलेलं एक बाड सापडलं. कडा कसरीने खाल्लेल्या, वरच्या दोन पानांना तेलाचा डाग. आत इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियतीची नक्कल होती. १८५२ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात इनामदार-वतनदारांना आपला हक्क कुठून आला ते लिहून द्यावं लागे आणि पिढ्याही सांगाव्या लागत. जिथे राजाचं नाव घेतलं असतं तर फायदाच झाला असता, तिथे आमच्या माणसांनी पाटीलकीच्या पाच पिढ्या सांगितल्या आणि थांबले. जावळीचा शब्द नाही. जावळी पहिल्यांदा येते ती पणजोबांच्या १९२० नंतरच्या वहीत. तेव्हा कुळांच्या याद्या आणि वंशावळी छापून गावोगाव पोचत होत्या. शहाण्णव कुळींच्या त्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, हेही जाता जाता सांगतो.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच कैफियतीत एक विधवा बाई आहे. नवरा गेला, पोटी मूल नाही, भाऊबंद पाटीलकीवर टपलेले. तिने नणंदेचा मुलगा दत्तक घेतला, कचेरीत उभी राहिली आणि वतन राखलं. आम्ही सगळे त्या मुलाचे. म्हणजे मोरे हे आडनाव आमच्याकडे दत्तकाने आलं, आणि मोऱ्यांचं रक्त आलं ते एका मुलीकडून. आजीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तिचं नाव परत वाच.’

दत्तकाचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलचे घाटगे, १८८४ मध्ये दत्तक गेले. सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले, गायकवाडांच्याच एका दूरच्या शाखेचे, १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेले. गादी चालते ती दत्तकाने, रक्त चालतं आणखी कुठल्या कुठल्या वाटांनी. आणि आपली वंशावळ त्यातली एकच वाट दाखवते: बाप, आजा, पणजा. रामदेवरायापासून आजपर्यंत सत्तावीस पिढ्या धरा. कागदावर तुमचे त्या पिढीतले पूर्वज होतात तेरा कोटींच्या वर. इतकी माणसं तेव्हा या मुलखात नव्हतीच, म्हणजे तीच माणसं पुन्हा पुन्हा आली असणार. त्यात कुठल्या तरी खापरपणजीच्या बाजूने एखादं राजघराणं येणं अगदी शक्य आहे. ते तुमच्या शेजाऱ्याच्या बाबतीतही तितकंच शक्य आहे. फक्त ते जाधव या नावाने सापडायचं नाही.

आता कामाचं. चढायला सुरुवात तहसीलच्या अभिलेख कक्षातून करा: जुना नमुना १४, म्हणजे कोतवालाने ठेवलेलं जन्म-मृत्यूचं बुक, आणि जुने फेरफार. सध्या कुणबी नोंदींसाठी तिथे गर्दी असते, मोडी वाचणारेही तिथेच भेटतात. तुमच्या खापरपणजोबांपुढे ‘कुणबी’ असं निघालं तर ‘राजघराणं गेलं’ असं मानून वही मिटू नका. त्या काळी हाती नांगर असलेल्या माणसाची नोंद अशी होत असे. तुमचा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यातला, त्यामुळे पुण्याच्या पुराभिलेखागारापेक्षा तिकडचं महसुली दप्तर जास्त उपयोगी पडेल, आणि ते मोडीइतकंच उर्दूत असेल. दोन्ही वाचणारा माणूस शोधून ठेवा.

त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि पैठणच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या मात्र चुकवू नका. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात. कोण, कुठल्या गावचा, बरोबर कोण, कशासाठी आला, एवढं त्यात असतं. वंशावळीत बायका नसतात, पण आईच्या अस्थी घेऊन आलेला मुलगा तिथे आईचं नाव लिहून गेलेला असतो. अंगठा असला तरी नाव असतं.

घरात बाड निघालं तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, उन्हात वाळवू नका. खिडकीशी ठेवून वरून सरळ फोटो काढा आणि इथे टाका, मी वाचून देईन. पण त्याच्याही आधी, तुमच्या घरात सगळ्यात म्हातारी आत्या किंवा चुलत आजी जी कोणी असेल तिच्याकडे जा. तिला आजोबांची गोष्ट विचारू नका, ती तुम्हाला येते. तिच्या आईचं माहेर कुठलं, आजीचं माहेर कुठलं, आणि कणगीची गोष्ट तिला पहिल्यांदा कोणी सांगितली, एवढं विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्या.