सोयाबीन 30 दिवसांचं आहे, विहिरीत दोनच पाळ्यांचं पाणी उरलंय. आता देऊ की थांबू?

थांबा. दुपारी पानं माना टाकतात म्हणून मोटार चालू करू नका. सकाळी रानात जाऊन बघा. पानं ताठ असतील तर झाड सोसतंय, मूळ ओलीमागे खाली जातंय.

मी 2023 चा ऑगस्ट लातूर जिल्ह्यात काढलाय. 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पेरणी जूनअखेरची, विहीर सामाईक, तीन एकर भावजींचं, दोन माझं. दहा तारखेच्या आसपास पीक फुलात असताना भावजींनी स्प्रिंकलर लावले. मी म्हटलं, पाणी शेंगेसाठी राखू. "वहिनी, डोळ्यांदेखत पीक वाळतंय आणि तुम्ही पाणी राखताय?" घरातली सगळी त्यांच्याच बाजूने. मी माझ्या पाळीचं पाणी शेततळ्यात सोडत राहिले. माझं रान बुटकं, पिवळसर, फूलही गळालं. रस्त्याने जाणारा माझ्याच रानाकडे बघून हळहळायचा.

महिनाअखेर शेंग सोलली की आत मुगाएवढा दाणा दिसायला लागला. तेव्हा मी शेततळ्यातून आठ दिवसांच्या अंतराने दोन पाळ्या दिल्या. तोवर विहीर आटली होती. भावजींचं हिरवंगार रान शेंगा गाळत उभं. सप्टेंबरात पाऊस आला, पण गळालेली शेंग परत लागत नाही. खळ्यावर त्यांना बियाण्याच्या एका बॅगेमागे साडेतीन क्विंटल, मला सहा.

सोयाबीन दोन-तीन आठवडे फुलत राहतं आणि चांगल्या वर्षीही बरीच फुलं गाळतं. म्हणून फुलातला ताण पुढे पाणी मिळालं तर काही अंशी भरून निघतो. शेंगा धरल्यानंतर ते जमत नाही. दाणा भरताना झाडाला नत्रही भरपूर लागतो आणि कोरड्या मातीत मुळांवरच्या नत्र पुरवणाऱ्या गाठी नेमक्या तेव्हाच काम थांबवतात. त्या वर्षी पीकविम्यासाठी जो तो पावसाचा 21 दिवसांचा खंड मोजत होता. पेरणीनंतरच्या पंचविसाव्या दिवसापासूनचे 21 दिवस आणि साठाव्यापासूनचे 21 दिवस एकच कसे धरायचे?

माझं रान काळं, भारी आहे आणि भावजींचं मुरमाड, हे सांगायला हवं. ते दरवेळी हाच मुद्दा काढतात आणि तो खरा आहे. तुमची जमीन हलकी असेल आणि सकाळीही पानं लोंबलेलीच असतील तर एक पाळी ऐन फुलात द्या, दुसरी मात्र शेंगेसाठीच. हरभऱ्याला हा हिशोब लावू नका. भारी रानात एकच पाणी असेल तर ते फुलोऱ्यात द्या, जास्त दिलं तर तो नुसता पाल्यावर जातो.

घरात कुणी मोटारीसाठी मागे लागलं तर शेंग धरल्यावर त्यांना रानात न्या, सोलून आतला दाणा दाखवा. मी ते वेळेवर केलं नाही. खळ्यावर काटा दाखवला, आणि भावजी अजून म्हणतात, तुमची जमीनच चांगली.