गोधड्या बघायला दीड तास?

प्रश्न : जूनमध्ये आम्ही अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला लेकीकडे चाललोय. मी, हे आणि 81 वर्षांच्या सासूबाई. तिथून दीड तासावर अथेन्स गावी आधुनिक क्विल्टचं प्रदर्शन असतं, तिथे सगळ्यांनी जायचा लेकीचा बेत आहे. ह्यांचं म्हणणं, गोधड्याच बघायच्या तर कराडात काय कमी आहेत? सासूबाईंनी जन्मभर गोधड्या शिवल्या, पण इंग्रजी येत नाही म्हणून त्या अवघडतील असं मला वाटतं. नऊ वर्षांची नातही असेल. जावं का? आणि बघायचं काय?
– सौ. व. कु., कराड

उत्तर : ताई, जा. आणि सासूबाईंना घेतल्याशिवाय जाऊ नका.

2023 च्या जूनमध्ये मी माझ्या आईला घेऊन तिथेच गेले होते. भाऊ कोलंबसला असतो. प्रदर्शनाचं नाव ‘क्विल्ट नॅशनल’, आणि ते भरतं एका गोठ्यात. खराखुरा गोठा, 1914 साली तिथल्या मनोरुग्णालयाच्या गाईंसाठी बांधलेला. सत्तरच्या दशकात तो पाडायला निघाले होते, गावातल्या लोकांनी वाचवला. 1979 मध्ये तिथे पहिलं प्रदर्शन लागलं. नॅन्सी क्रो आणि तिच्यासारख्या काही जणी स्वतःच्या मनाने रचलेले क्विल्ट करत होत्या, पण जुन्या नमुन्यांच्या प्रदर्शनांत त्यांना जागा मिळत नव्हती. म्हणून त्यांनी आपलं वेगळं मांडलं. तेव्हापासून ते वर्षाआड, विषम सालात भरतं.

यजमानांना तिथली एक अट सांगा. काम कितीही नवं असो, त्याला निदान दोन थर हवेत आणि ते टाक्यांनी एकमेकांना धरलेले हवेत. आपली गोधडी याहून वेगळी काय असते? फरक एवढाच, की तिथली पांघरायला केलेली नसते, भिंतीवर लावायला केलेली असते. चित्र बघावं तशी बघायची.

आता सासूबाईंचं. माझी आई खटाव तालुक्यातली. कडेपासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन फिरत मध्यावर यायचं, अशी तिची गोधडी. तिथे एका मोठ्या राखाडी-तांबूस क्विल्टपुढे मी शेजारची पाटी तिला मराठीत सांगत होते : सुती कापड, हाताने रंगवलेलं, मशीनवर शिवलेलं. तिचं लक्षच नव्हतं. ती बाजूला सरकली, भिंतीला गाल लावल्यासारखी वाकली आणि कापडावरून तिरपं बघायला लागली. म्हणाली, “इथं टाके दाट घेतलेत, तिथं विरळ सोडलेत. म्हणून तेवढंच फुगलंय. मुद्दाम केलंय बाईनं.” मी तिच्या जागी जाऊन वाकले. समोरून मला नुसते रंग दिसत होते. तिरप्या उजेडात सगळ्या कापडावर नांगरटीसारखे उंचवटे उठले होते.

तेवढ्यात तिचा हात पुढे गेला आणि मी चारचौघांत जोरात म्हणाले, “आई, हात लावायचा नसतो!” तिने हात पदरात घेतला. पुढचे दोन-तीन क्विल्ट ती काही बोलली नाही. माझं ते वागणं मला आजही सलतं. भाचीने, “आजी, मघाशी काय बघत होतीस?” असं विचारलं, तेव्हा कुठे ती परत बोलती झाली. मग त्या दोघीच पुढे, आम्ही मागे.

म्हणून तुम्ही हे घरीच, निघायच्या आदल्या दिवशी सांगा : हाताचं तेल कापडाला लागतं, डाग पडतो, म्हणून लांबून बघायचं. शिवणारणीला हे लगेच पटतं. पाट्या वाचून दाखवायची घाई करू नका. ओळीने सगळे बघायचाही हट्ट नको, त्या जिथे थांबतील तिथे थांबा. नातीला पणजीच्या शेजारी ठेवा आणि टाका कुठे दाट, कुठे विरळ हे तिला शोधू द्या.

जाताना गाडीत त्यांना अलाबामातल्या जीज बेंडची गोष्ट सांगा. नदीच्या वळणातली कृष्णवर्णीयांची गरीब वस्ती. तिथल्या मिसूरी पेटवे या बाईने 1942 साली, नवरा गेल्यावर, त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांचा क्विल्ट शिवला. त्याची आठवण राहावी, ती पांघरून झोपता यावं म्हणून. त्या वस्तीतले क्विल्ट 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागले, 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. माझ्या आईने वडिलांची दोन धोतरं अशीच गोधडीत घातली आहेत. ही गोष्ट ऐकून ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग तिने त्या बाईचं नाव पुन्हा विचारून घेतलं.

वाटेत लोगनजवळ हॉकिंग हिल्सचे कडे आणि धबधबे आहेत. यजमान आणि जावई तिकडे गेले तरी चालेल. सासूबाईंना मात्र एकाच दिवसात दोन्ही नको, पाय भरून येतात.

आणि हो, सासूबाईंच्या हातचं एखादं जुनं दुपटं घरात असेल तर बॅगेत टाका. वजन काही होत नाही. प्रदर्शनाहून परतल्यावर संध्याकाळी ते नातीपुढे पसरा, आधी उलटी बाजू वर करून. याला तिने खुशाल हात लावावा.