सिंक्रोनायझेशन मोजायचंय? आधी दोनच आंदोलक घे

नांदेडला एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सिंक्रोनायझेशन, म्हणजे आंदोलनांच्या लयी एकमेकींशी जुळणं, हा विषय निवडलास, फार बरं केलंस. लॅपटॉप आणि पायथॉन एवढं पुरे. केऑस, ट्रान्सफर एन्ट्रॉपी असले अवघड विषय सध्या राहू दे.

आधी दोन कुरामोतो आंदोलक घे, म्हणजे आपापल्या वेगाने फिरणारे आणि एकमेकांना आपल्या लयीकडे ओढणारे. प्रत्येकाच्या समीकरणात कपलिंग, म्हणजे जोडणीची ताकद, के/२ ठेव. के हे दोघांच्या नैसर्गिक वारंवारतांतल्या फरकाएवढं झालं की फेज-फरक (दोघांच्या आवर्तनातल्या जागांमधलं अंतर) स्थिरावतो, म्हणजे ते लॉक होतात, हे कागदावरच सिद्ध करता येतं. तुझा कोड तिथंच लॉक होतो का, ते तपास. हे न करता खऱ्या डेटाला हात लावू नकोस.

नवीन मुलं हमखास चुकतात त्या जागा सांगतो.

- सुरुवातीचा अस्थिर भाग न काढताच सरासरी घेतात.
- नुसत्या कोरिलेशनवर (दोन मालिका सोबत वर-खाली होतात का, त्याच्या मापावर) विसंबतात. १६६५ मध्ये डच शास्त्रज्ञ ह्युगेन्सला दिसलेले लंबक एकमेकांच्या उलट दिशेने झुलत होते, तरी ते सिंक्रोनाइज्डच होते. पाव आवर्तनाचं अंतर असेल तर कोरिलेशन शून्य येतं, पण फेज लॉकिंग व्हॅल्यू (फेज-फरक किती स्थिर आहे, ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) १ येते. म्हणून तीच मोज.
- सगळ्यात मोठी चूक: एकत्र हलतं ते जोडलेलंच असं धरतात. लातूर आणि बीडच्या विहिरींचं पाणी सोबतच चढतं-उतरतं, कारण दोन्हींवर पाऊसकाळ एकच. एक मालिका वर्षभराने सरकवून पुन्हा मोज. आकडा तितकाच आला, तर तो जोडणीचा पुरावा नाही.

के वाढवत फेज लॉकिंग व्हॅल्यूचा आलेख काढ आणि मला दाखव. खऱ्या डेटातून फेज काढायच्या हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मचं त्यानंतर बघू.