पाळण्यातला आवाज गोठ्यापर्यंत: बेबी मॉनिटरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (खानापूर तालुका): घर जुनं, चिऱ्याच्या दीड फुटी भिंतींचं. सून नोकरीला जाते, सहा महिन्यांची नात माझ्याकडे असते. ती माजघरापलीकडच्या खोलीत झोपते आणि मी स्वयंपाकघरात नाहीतर मागच्या गोठ्यात. डब्यावर '३०० मीटर' लिहिलेला मॉनिटर घेतला तर गोठ्यात ऐकू येईल का? की सरळ वाय-फाय कॅमेरा घ्यावा?

उत्तर: ३०० मीटर हा आकडा मोकळ्या माळावरचा. मध्ये एकही भिंत नाही असं धरूनच तो छापलेला असतो. तुमच्या घरात मीटर मोजू नका, भिंती मोजा. एक जाड भिंत बहुतेक मॉनिटर पार करतात, दुसरीला आवाज तुटायला लागतो, तिसरीचा भरवसा धरू नये. त्यातून चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो, आणि बरेच मॉनिटर ज्यांवर चालतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी ओल्या भिंतीत जास्त शोषल्या जातात. म्हणजे मे महिन्यात गोठ्यापर्यंत पोचणारा आवाज जुलैत वाटेतच अडकू शकतो.

लहरी दारा-खिडक्यांतून सहज जातात. म्हणून बाळाजवळचं युनिट खोलीच्या दाराच्या रेषेत, चार-साडेचार फूट उंचीवर ठेवा. लोखंडी कपाट, ट्रंक, आरसा, फ्रिज यांच्या आड ठेवू नका. गोठ्याला पत्र्याच्या भिंती असतील तर पत्रा लहरी परतवतो, तेव्हा रिसीव्हर, म्हणजे तुमच्याजवळचं ऐकायचं यंत्र, आत दावणीपाशी न नेता दाराच्या चौकटीला खुंटीवर अडकवा.

तुमच्यासारख्या घराला सगळ्यांत महत्त्वाची सोय कोणती, तर जोडणी तुटल्याचा इशारा. रेंज गेली की रिसीव्हरने स्वतःहून बीप वाजवली पाहिजे. ती नसेल तर रिसीव्हर गप्प आहे म्हणजे नात झोपली आहे की जोडणी तुटली आहे, हे कळायला मार्ग नाही. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा. झूम, अंगाईगीतं, रंगीत दिवे हे सगळं त्यानंतर.

परत करण्याची मुदत असेल तरच घ्या आणि आणल्या दिवशीच तपासा. पाळण्यात मोबाइलवर रडण्याचा आवाज लावून ठेवा आणि रिसीव्हर घेऊन स्वयंपाकघर, न्हाणी, परडं, गोठा असं सगळीकडे फिरा. हीच फेरी संध्याकाळी, शेजारपाजारचे सगळे वाय-फाय चालू असताना पुन्हा मारा. मायक्रोवेव्ह असेल तर तोही चालू करून बघा. तोही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो आणि जवळ असला तर खरखर आणतो.

वाय-फाय कॅमेऱ्याचं गणित वेगळं. त्याला कॅमेरा, राउटर, इंटरनेट आणि फोन असे चार दुवे लागतात. गोठ्यात वाय-फाय पोचत नसेल तर फोन मोबाइल डेटावर जातो आणि चित्र काही सेकंद मागे राहतं. शिवाय फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग ॲपला झोपवते आणि इशारा येतच नाही. त्या ॲपपुरती ही बंधनं बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन काढावी लागतात. घरातल्या घरात ऐकायचं असेल तर इंटरनेट न लागणारा, रिसीव्हरसकट मिळणारा मॉनिटर बरा. चित्र नसलेला, नुसत्या आवाजाचा मिळाला तरी तुमचं काम भागेल.

प्रश्न (जांबोटी परिसर): पावसाळ्यात लाईट दिवसातून कितीदा जाते त्याला धरबंध नाही. मॉनिटर चालणार कसा?

उत्तर: रिसीव्हरमध्ये बॅटरी असते, पण बाळाजवळच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा नसते. घेताना हे बघाच. कॅमेरा ५ व्होल्टच्या यूएसबी पिनवर चालणारा घेतला तर साध्या पॉवर बँकेवर चालतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-तास असतात, रूपांतरात जाणारं वजा करून २८-३० हाती लागतात. कॅमेरा अंधारातल्या दिव्यांसकट अडीच वॉट खातो असं धरलं तर अकराएक तास, म्हणजे एक रात्र निघते. पॉवर बँक आणि तिची वायर मात्र बाळाच्या हाताला लागता कामा नये. वाय-फाय कॅमेरा असेल तर राउटर आणि फायबरचा डबा या दोघांनाही बॅकअप हवा, त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. इन्व्हर्टर असूनही लाईट जाताना कॅमेरा क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर तो आपोआप जोडला जातो का, हे दिवसाच प्लग काढून-घालून बघा. काही कॅमेरे ॲप पुन्हा उघडेपर्यंत गप्पच बसतात.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. आवाजावर चालू होणारा मॉनिटर दिवसभर वाजतच राहतो. आवाज टिपण्याची संवेदनशीलता कमी केली तर बाळाचं रडणं सुटतं.

उत्तर: आवाजावर जागं होणारी ही सोय शांत घरासाठी आहे. मागाचा खडखडाट ती ठरलेली पातळी ओलांडत राहतो. त्यातला बराचसा आवाज हवेतून नव्हे, भिंतीतून येतो. तेव्हा कॅमेरा मागाकडच्या भिंतीच्या खिळ्यावरून काढा आणि समोरच्या बाजूला, घडी घातलेल्या जाड टॉवेलवर ठेवा. माइक बाळापासून मीटरभर अंतरावर आणि तोंड बाळाकडे. मग माग चालू असताना संवेदनशीलता हळूहळू कमी करा आणि रिसीव्हर गप्प होतो तिथे थांबा. आता बाळ रडल्यावर तो वाजला तर ठीक. नाही वाजला तर दिवसा ही सोय बंद ठेवून स्क्रीन सतत चालू राहील असा चित्राचा मॉनिटर वापरा. रिसीव्हर चार्जरलाच राहील, त्याला इलाज नाही. 'रडण्याचा आवाज ओळखतो' म्हणून जास्त पैसे मागत असतील तर माग चालू असताना घरी तपासल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न (निपाणी): बाळ दिवसा झोळीत, रात्री मच्छरदाणीत झोपतं. कॅमेऱ्यात झोळीत काही दिसत नाही, आणि रात्री नुसतं पांढरं धुकं दिसतं. कॅमेरा बिघडला का?

उत्तर: बिघडलेला नाही. अंधारात बघण्यासाठी कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. जाळी लेन्सच्या जवळ असली की तो प्रकाश जाळीवरून परत फिरतो आणि सगळं पांढरं होतं. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे सेटिंगमधून बंद करा आणि खोलीत झिरोचा बल्ब लावा, पण कॅमेऱ्याच्या बाजूला नको, जाळीच्या पलीकडे. काचेतून बघणाऱ्या कॅमेऱ्याचंही असंच होतं. बाळाला धुरी देत असाल तर लेन्सवर पातळ थर बसतो, मऊ कोरड्या कापडाने पुसत जा.

झोळीसाठी कॅमेरा घेऊच नका. बाजूने फक्त कापड दिसतं. वरून बघायचं तर कॅमेरा तुळईला, बाळाच्या डोक्यावर टांगावा लागतो आणि सुटला तर बाळावरच पडतो. हालचालीचा इशारा झोळीच्या प्रत्येक झोक्याला वाजतो. इथे नुसता आवाजाचा मॉनिटर योग्य. झोळीत बाळ दुमडून हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट अरुंद होते आणि हे कुठलाही मॉनिटर ओळखत नाही. लांब झोपेला सपाट, घट्ट गादीच हवी.

वायर मात्र पाळण्यापासून, झोळीपासून किमान तीन फूट, म्हणजे ९० सेंटिमीटर लांब. अमेरिकेत २०११ मध्ये दोन बाळांच्या गळ्याला वायरचा फास बसल्यावर सुमारे १७ लाख मॉनिटरांबाबत कारवाई झाली होती. बाळ उभं राहायला लागलं की अंतर नव्याने मोजा. वायर भिंतीला पट्टीने चिकटवा, मोकळी लोंबू देऊ नका.

प्रश्न (चिकोडी): बाळाच्या पायात घालायचा, ऑक्सिजन आणि ठोके मोजणारा मोजा मिळतो. घ्यावा का?

उत्तर: निरोगी बाळासाठी नको. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२२ च्या सूचना स्पष्ट आहेत: झोपेतला अचानक मृत्यू टाळण्यासाठी अशा घरगुती उपकरणांवर विसंबू नये. मोजा सैल झाला, पाय गार पडला की खोटा इशारा वाजतो आणि घर रात्रभर जागं. उलट मोजा आहे म्हणून बाळाला पालथं झोपवलं तर धोका वाढतोच. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा श्वासाचा त्रास असेल तर उपकरण डॉक्टर सांगतील तेच.

खोलीचं तापमान सांगणारी सोय उपयोगी, पण ती शेगडीपासून वाचवत नाही. बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून पेटवलेल्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, आणि मॉनिटरला तो कळत नाही. शेक झाला की शेगडी बाहेर.

प्रश्न (हुक्केरी): मावसबहीण अमेरिकेहून मॉनिटर आणणार आहे. चालेल?

उत्तर: दोन गोष्टी आधी विचारा. ॲडॅप्टरवर इनपुट '१००–२४० व्होल्ट' लिहिलंय का? फक्त १२० असेल तर आपल्याकडच्या विजेवर जळेल. आणि मॉनिटर 'डेक्ट' प्रकारचा, म्हणजे घरातल्या बिनवायरी फोनच्या तंत्रावर चालणारा आहे का? अमेरिकेतले डेक्ट मॉनिटर १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात. भारतात हा पट्टा मोबाइल कंपन्यांचा आहे, तो वापरता येत नाही. २.४ गिगाहर्ट्झवाला असेल तर खुशाल आणा. तिकडच्या सपाट पिना आपल्या सॉकेटात बसवणारं प्लग-कन्व्हर्टर बाजारात मिळतं.

प्रश्न (बेळगाव): आम्ही दोघं ऑफिसात, बाळ आजीकडे आणि सांभाळणाऱ्या बाईंकडे. वाय-फाय कॅमेरा घेतलाय, पण जोडलाच जात नाही. आणि आजीला कमी ऐकू येतं.

उत्तर: बहुतेक कॅमेऱ्यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय चालतं. तुमचा फोन ५ वर असेल तर जोडणी फसते. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, फोन २.४ च्या नावावर आणा, मग जोडा. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड लगेच बदला, दुहेरी पडताळणी चालू करा. नवऱ्याला, सासूबाईंना तुमचा पासवर्ड सांगत बसू नका, ॲपमधून शेअरिंग द्या. कॅमेरा पुढे कुणाला दिलात तर आधी फॅक्टरी रीसेट. आणि खोलीत माइकसकट कॅमेरा आहे हे सांभाळणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाका.

आजींसाठी फोनवरचा इशारा कुचकामी. थरथरणारा आणि आवाजाप्रमाणे दिव्यांची रांग पेटणारा रिसीव्हर वेगळा घ्या आणि तो त्यांच्या कमरेला अडकवता येतो का, हे क्लिप बघूनच ठरवा.